अजित डोवाल यांच्याबद्दल लोकांची मतं इतकी टोकाची का?

कारण त्यांचं बहुतेक काम दिसतच नाही. त्यांचं राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद १९९८ मधलं, त्यासाठी वेगळा कायदा नाही. मंत्री संसदेत उत्तरं देतो, सल्लागार देत नाही. मग मोजमाप होतं ते गाजलेल्या घटनांवरून. चाहते त्यांना मिळालेलं कीर्तिचक्र हे शौर्यपदक, २०१६ चा सर्जिकल स्ट्राइक आणि बालाकोटचा हवाई हल्ला सांगतात. टीकाकार पठाणकोट हवाई तळावरचा दहशतवादी हल्ला काढतात: लष्कर जवळ असताना दिल्लीहून एनएसजीचे कमांडो कशाला? हा प्रश्न रास्तच आहे. पुलवामाच्या हल्ल्यात ४० जवान गेले, तेव्हा गुप्तवार्तेचं काय झालं, हाही. त्यांच्या पाकिस्तानातल्या हेरगिरीच्या व्हॉट्सअ‍ॅपी कथांवर मात्र मत बेतू नका. बहुतेकींना अधिकृत दुजोरा नाही. शिवाय हल्ला टळला, तर त्याची बातमी क्वचितच होते.