‘मिनी’तला शेंदूर

‘मिनी’ हे ‘मिनिमम’चंच छोटं रूप का, आणि जिल्हा परिषदेला ‘मिनी मंत्रालय’ म्हणणं बरोबर का, असं एका वाचकानं विचारलं आहे.

लहान, आखूड, आटोपशीर हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. पण हल्ली हा शब्द कशालाही चिकटवतात. दापोली म्हणे ‘मिनी महाबळेश्वर’. परवा तर एका निमंत्रणपत्रिकेवर ‘मिनी लघुचित्र प्रदर्शन’ वाचलं. चित्रं लहान की प्रदर्शन, ते मांडणाऱ्यालाच माहीत.

लॅटिनमध्ये ‘मिनुस’ म्हणजे कमी. मायनस, मायनर, मिनिमम, मिनिट, हॉटेलातला मेन्यू ही सगळी त्याच घरची मंडळी. मिनिस्टरसुद्धा तिथलाच, कारण तो मुळात खालच्या पायरीवरचा, सेवक. म्हणजे मंत्रालयात लहानपण आधीपासूनच बसलेलं आहे, वर आणखी ‘मिनी’ कशाला? असो. गंमत अशी की खुद्द ‘मिनी’ या घरात जन्मलेला नाही. तो ‘मिनिएचर’ची शेपटी छाटून झाला. मिनिममनं त्याला हात दिला तो मागाहून. आणि मिनिएचर आलं शेंदरातून.

होय, शेंदूर! लॅटिन नाव ‘मिनियुम’. मध्ययुगात युरोपातल्या मठांमध्ये पोथ्या लिहायचे, तेव्हा ठळक अक्षरं या लाल रंगानं रंगवत. त्या कामाला ‘मिनियारे’ म्हणायचे, म्हणजे सरळ शेंदूर लावणे. त्यावरून इटालियनमध्ये ‘मिनियातूरा’ झालं, पोथीतलं रंगकाम. यात आकाराचा काडीचा संबंध नव्हता. चित्रं लहान असत, कारण पोथीच्या पानात मावायला हवीत. 16व्या शतकाच्या अखेरीस शब्द इंग्रजीत शिरला, आणि तिथं मायनर, मिनिट हे नुसते कानाला जवळचे वाटणारे शब्द आधीच वावरत होते. लोकांनी रंग सोडला, लहानपण धरलं. 1959 साली इंग्लंडात ‘मॉरिस मिनी-मायनर’ नावाची मोटार निघाली, त्या नावात शेंदूर आणि कमीपणा शेजारीशेजारी बसलेत. नाव ठेवणाऱ्यांना त्याची गंधवार्ता असेल असं वाटत नाही.

इथं काही जाणकार लगेच बोट वर करतात. प्लिनी या प्राचीन रोमन ग्रंथकाराचा मिनियुम म्हणजे हिंगूळ, तो पाऱ्याचा. शेंदूर शिशाचा. तुम्ही गल्लत करताय! गल्लत माझी नाही, रोमच्या व्यापाऱ्यांची आहे. स्पेनमधल्या सिसापोच्या खाणीतून येणारा हिंगूळ महाग, म्हणून त्यात शिशाचा लाल रंग मिसळत. हे प्लिनीनंच लिहून ठेवलंय. पुढं नाव त्या भेसळीलाच चिकटलं. आजही खनिजांच्या यादीत ‘मिनियम’ म्हणजे शिशाचाच शेंदूर. अर्धा प्लिनी वाचून वाद घालू नये.

पुरता वाचला तर आणखी एक गोष्ट हाती लागते. रोममध्ये सणाच्या दिवशी ज्युपिटरच्या मूर्तीचा चेहरा मिनियुमनं रंगवत, आणि विजयी सेनापतीही मिरवणुकीत अंगाला तो फासून घेत. आपल्या वेशीवरच्या मारुतीला हे वेगळं सांगायला नको. फक्त मारुतीच्या बाबतीत शेंदरानं मूर्ती लहान होत नाही, तेलात कालवलेल्या शेंदराचे थरावर थर चढून ती चांगली फुगते. नाकडोळे बुजतात, देव गोल गरगरीत होतो.

मिनिएचर पेंटिंगला ‘लघुचित्र’ म्हणणाऱ्या कलासमीक्षकांशी माझं भांडण इथंच आहे. अकबराच्या चित्रशाळेतलं हम्झानामा घ्या. कापडावरची चित्रं, उंची दोन फुटांच्या वर, आणि तीही म्हणे लघुचित्रं! पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात अहमदनगरच्या निजामशाहीतली ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ची पोथी आहे. तिच्यातल्या चित्रांना सरळ ‘पोथीचित्रं’ म्हणावं. मूळ अर्थ त्यातच नीट बसतो.

आता माझा लाडका तर्क. शेंदराचा शब्द लहानपणाकडे घसरला तो नुसत्या मायनर-मिनिटच्या शेजारामुळे नव्हे, तर ‘इ’मुळे. ‘इ’ म्हणताना तोंड आक्रसतं, ‘आ’ म्हणताना उघडतं. एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञानं 1929 साली यावर प्रयोग छापला. ‘मिल’ आणि ‘माल’ हे दोन निरर्थक शब्द, दोन्हींचा अर्थ टेबल, तर मोठं टेबल कोणतं? बहुतेकांनी ‘माल’ सांगितलं. आपल्याकडे इवलंसं, किंचित, चिमुकलं, पिटुकलं बघा. वाटा-वाटी, डबा-डबी, गाडा-गाडी, सुरा-सुरी बघा. शेवटी ‘ई’ आली की वस्तू आटलीच. ‘मिनी’त तर ती दोनदा आहे, बिचारा शेंदूर टिकणार कसा?

इंग्रजीत ‘बिग’ मोठा आणि ‘स्मॉल’ लहान, ते कसं, असं कुणी विचारील. इंग्रजीचं इंग्रजांनी बघावं. मला सलतो तो आपला दोरा. सुईत ओवतात तो दोरा, आणि विहिरीवर लागते ती दोरी. इथं ‘ई’ लागून वस्तू जाड झाली. याचा उलगडा कुणाकडे असेल तर जरूर कळवा, फक्त ‘अपवादानं नियम सिद्ध होतो’ एवढंच लिहून पाठवू नका.