बहिणीचं बाळ नवव्या दिवशी गेलं, तिला आधार कसा देऊ?

तुम्ही लिहिलंय की बाळाच्या बेंबीतून रक्त थांबेना, नंतर रक्त गोठायला लागणाऱ्या 'फॅक्टर तेरा' या घटकाची कमतरता निघाली. बहीण मामाच्याच घरी दिलेली, आणि आता सासरचे सगळे तिला बोल लावतायत. मी २२ वर्षं नवजात शिशू विभागात सिस्टर होते, त्या अनुभवातून सांगते.

आधी तिच्यावरचा दोष उतरवा, तोही सासू-सासऱ्यांच्या देखत. हा आजार एकट्या आईकडून येत नाही. आईबाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच तो होतो, आणि ते दोघं स्वतः ठणठणीत असतात. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्याही यात नॉर्मल येतात. तिनं काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याचा काडीचाही संबंध नाही. हे डॉक्टरांच्याच तोंडून घरच्यांना ऐकवा. तुमचं ऐकणार नाहीत, त्यांचं ऐकतील.

आणि तिला विचारा, दूध येतंय का? बाळ गेलं तरी पान्हा थांबत नाही. एक आई चौथ्या दिवशी रिपोर्ट न्यायला आली होती. आत कुणाचं तरी बाळ रडलं आणि हिचा ब्लाऊज भिजला. पदर ओढून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी टॉवेल दिला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तशीच थांबले. बोलण्यासारखं काही नव्हतंच. गार पट्ट्यांनी आराम पडतो. गाठ आली, ताप आला तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

बारसं झालं नसलं तरी तिच्या मनात नाव असेल. तिला सांगावंसं वाटलं तर त्याच नावानं बाळाबद्दल बोला. झबली-दुपटी तिला न विचारता हलवू नका. 'सटवीनं तेवढंच लिहिलं होतं', 'दुसरं होईल' असं कुणी सुरू केलं तर तुम्ही मध्ये पडा. जावयांनाही जवळ घ्या. बाळाला पुरून आलेल्या बापाला कुणी काही विचारत नाही.

पुढच्या प्रत्येक खेपेला बाळाला हा आजार होण्याची चारात एक शक्यता राहते. मुंबईत परळला, केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, तिथे अशा आजारांच्या जनुकीय तपासण्या होतात. जनुकातला दोष आधीच सापडलेला असला तर गर्भाची तपासणीही करता येते. वेळेत कळलं तर साधारण महिन्यातून एकदा उपचार घेऊन अशी मुलं मोठी होतात. पण हे तिनं विचारल्यावरच सांगा. तोवर रिपोर्टची फाइल तुमच्या कपाटात राहू दे.