खिडकी आणि खांब यांच्यामधले टेबल: आधी फर्मा, मग विनियर

तुमच्या शयनगृहात खिडकीकडची भिंत आणि पुढे आलेला आरसीसी खांब यांच्यामध्ये साधारण सव्वाचार फुटांची जागा आहे, तिथे सागाच्या विनियरचे (प्लायवर बसवलेल्या खऱ्या लाकडाच्या पातळ थराचे) अभ्यासाचे टेबल हवे आहे, आणि सुतार मात्र सरळ चौकोनी टेबल करून उरलेल्या फटी पट्टीने झाकू म्हणतो आहे. माझ्या मते टेबल जागेच्या आकाराचेच करावे. मात्र त्यासाठी केवळ टेपच्या मापांवर विसंबू नये. पूर्ण आकाराचा फर्मा, म्हणजे त्या जागेचा हुबेहूब नमुना, काढावा आणि तो पक्का झाल्याशिवाय विनियरचा शीट विकत घेऊ नये.

प्लास्टर केलेल्या भिंती काटकोनात असतीलच असे नाही. गुण्या (काटकोन तपासायचे सुताराचे साधन) फक्त कोपऱ्याजवळचे खरे सांगतो. पूर्ण भिंतीचा कल पाहण्यासाठी एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजून तिरके अंतर बरोबर ५ फूट येते का ते पाहावे. ही मोजणी आणि फर्मा दोन्ही जमिनीलगत न करता टेबलाच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ३० इंचांवर करावीत, कारण भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नसेल तर स्कर्टिंगजवळचे माप वर जुळत नाही. पातळ प्लायच्या दोन-तीन इंच रुंद पट्ट्या भिंतीला आणि खांबाला टेकवून जागच्या जागी एकमेकींना चिकटवल्या की फर्मा तयार होतो. भिंत लहरत असेल तिथे कंपासचे टोक भिंतीवरून फिरवून ती रेघ पट्टीवर उतरवावी आणि तेवढे छाटावे. फर्म्यावर ‘वरची बाजू’ असे ठळक लिहावे. तो उलटा ठेवून कापला गेला, तर आरशातल्यासारखे उलटे टेबल हाती येते.

याच फर्म्याने आणखी एक गोष्ट कळते, आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. जागा मागे रुंद आणि तोंडाशी अरुंद असेल, तर मागच्या मापाचे टेबल अचूक कापलेले असूनही आडवे आत सरकणार नाही, आणि तिरपे करून घालू म्हटले तर कर्णाची लांबी भिंतीला अडते. म्हणून फर्मा बाहेर काढून पुन्हा आत बसवून पाहावा. तो अडला तर रुंदी तोंडाच्या मापाची ठेवावी आणि मागची फट सागाच्या निमुळत्या पट्टीने नंतर भरावी. इथे पट्टी योग्य आहे, कारण ती कुठे आणि का येणार हे आपण आधीच ठरवलेले असते. अडत नसेल तरीही भिंतीशी साधारण एक सुताची (इंचाचा आठवा भाग) मोकळीक ठेवावी.

आता विनियर. बाजारात मिळणारा ८ बाय ४ फुटांचा शीट सुमारे ४ मिमी जाड असला, तरी त्यावरचा खऱ्या लाकडाचा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असतो. बाकी सगळा आधाराचा प्लाय. फर्मा शीटवर ठेवताना लाकडाच्या रेषा टेबलाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवाव्यात. मागच्या तिरक्या भिंतीला समांतर ठेवल्या, तर बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोरची कडच वाकडी भासते आणि खोलीचा दोष टेबलावर येतो. सरळ रेषांच्या विनियरमध्ये मागचा तिरकेपणा उघड दिसतो, तर कमानींच्या नक्षीत तो बराच विरतो. तुमच्या जागेसाठी मी कमानींचाच शीट घेईन आणि कमानीचा मध्य बसण्याच्या जागेसमोर आणीन.

खाली १८ किंवा १९ मिमीचा, आयएस ३०३ या भारतीय मानकातल्या बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्रतीचा प्लाय घ्यावा, कारण खिडकीची भिंत पावसाळ्यात ओल धरू शकते. वर विनियर लावला की खालीही तेवढ्याच जाडीचा साधा विनियर, रेषांची दिशा तीच ठेवून, लावलाच पाहिजे. एकाच बाजूला थर असेल, तर हवेतल्या दमटपणाने फळी पत्रावळीसारखी वाकते. हा खर्च वाचवण्याचा सल्ला कृपया मानू नका. चिकटवण्यासाठी पांढरा फेव्हिकॉल आणि पुरेसा दाब हवा; रबरी गोंदावर पुढे उन्हाने फुगे येण्याचा धोका असतो. खांबासाठी खाच कापताना आतल्या कोपऱ्यात आधी छोटे भोक पाडावे, म्हणजे तिथून चीर जाणार नाही. पुढच्या कडेला १० ते १२ मिमीची भरीव सागाची पट्टी बसवावी. मनगट टेकते ती कड गोल करायची असते, आणि ती गोलाई विनियरमध्ये करता येत नाही. घासताना १८० नंबरच्या पॉलिश पेपरने, हाताने आणि रेषांच्या दिशेने सुरुवात करावी. जाड पेपर लावून मशीन फिरवले, तर लाकडाचा थर पाहता पाहता उडतो.

आधाराच्या पट्ट्या विटांच्या भिंतींना लावाव्यात, खांबाला ड्रिल करू नये. पुढच्या बाजूला खालून तीन इंच उंचीची उभी पट्टी द्यावी, नाहीतर सव्वाचार फुटांत फळी मध्ये झोळ धरते.

पॉलिश ऐन पावसात करू नये, कारण दमट हवेत मेलामाइन (लाकडी फर्निचरच्या पॉलिशचा एक प्रकार) पांढरट पडते. दिवाळीच्या सुमारास काम काढता आले तर उत्तम. पॉलिश वर, खाली आणि मागच्या न दिसणाऱ्या कडांनाही करावे, कारण ओल तिथूनच शिरते. खिडकीच्या उजेडाने सागाचा रंग पहिल्या काही महिन्यांत बदलतो, म्हणून तेवढा काळ टेबलावरच्या वस्तू अधूनमधून हलवत राहाव्यात.