अवघड मूल, दारातले पालक आणि कराटेचा क्लास

प्रिय शिष्येस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. ठाण्यात सोसायटीच्या हॉलमध्ये तू स्वतःचा क्लास सुरू केलास, मुलेही चांगली जमली आणि पहिल्याच वर्षात दोघांनी तुझी झोप उडवली: शेजारच्याला लाथ मारल्याशिवाय रांगेत उभाच न राहणारा तो नऊ वर्षांचा मुलगा आणि ग्रेडिंगमध्ये, म्हणजे बेल्टच्या परीक्षेत, मुलीला पुढचा बेल्ट मिळाला नाही म्हणून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुला जाब विचारणारे ते वडील. काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) आणि कुमिते (जोडीदाराशी लढत) शिकलीस, पण या दोघांशी कसे वागायचे हे कुठल्याच परीक्षेत आले नाही, असे तू लिहिले आहेस, आणि ते खरे आहे. म्हणून सवडीने उत्तर लिहीत आहे. दंगा किंवा भांडण एकदा पेटले की शिक्षकाच्या हातात फार थोडे उरते. जे करायचे ते त्याच्या आधीच करावे लागते, हेच मला मुख्यतः सांगायचे आहे.

आधी त्या मुलाविषयी. तो लाथ मारतो त्या क्षणाकडे न पाहता त्याच्या आधीची पाच मिनिटे काय चालले होते ते पाहा. तुझ्याकडे वीसेक मुले आणि दोनच किक पॅड आहेत, म्हणजे दोन मुले किक मारत असताना बाकीची नुसती उभी असतात, आणि ज्याच्या अंगात वारे भरले आहे अशा मुलाला उभे राहण्याइतकी कठीण शिक्षा दुसरी नाही. आणखी पॅड घेता येत नसतील तर वाट पाहणाऱ्या मुलांना स्टान्समध्ये, म्हणजे पायांच्या ठरलेल्या पवित्र्यात, बसव, जोडीने मोजायला लाव, किंवा रांगा मोडून हॉलभर चार ठिकाणी वेगवेगळे काम वाटून दे. त्या मुलाला शेवटच्या रांगेत ठेवू नकोस. पहिल्या रांगेत, पण कडेला, एखाद्या शांत आणि नेटक्या मुलाच्या शेजारी उभे कर, म्हणजे बघून शिकायला समोर काहीतरी चांगले राहील. ‘दंगा करू नकोस’ हे वाक्य मात्र सोडून दे, कारण त्यातून त्याला करण्यासारखे काहीच कळत नाही. त्याच्या उंचीला खाली बसून, नावाने हाक मारून, हलक्या आवाजात ‘डावा पाय पुढे, मुठी कमरेला, नजर समोर’ असे सांग. हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडून सांगितलेली सूचना सगळ्या मुलांना ऐकू जाते, आणि ज्याला सांगायची तो मात्र सगळ्यांसमोर अपमान झाला म्हणून आणखी चेकाळतो.

शिक्षा म्हणून मुठीवरच्या पुशअप्स, उठाबशा किंवा हॉलला फेऱ्या देऊ नकोस. शाळांमध्ये शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे, आणि आपला क्लास म्हणजे शाळा नव्हे अशी पळवाट शोधणे आपल्याला शोभत नाही. शिवाय ज्या व्यायामाची गोडी लावायची तोच दंड म्हणून दिला, तर मूल त्याचा तिरस्कार करायला शिकते. काढून घ्यायचेच असेल तर त्याच्या आवडीचे काढून घे: आज जोडीतला सराव नाही, आज फक्त मूळ पंच आणि ब्लॉक (फटका अडवण्याच्या हालचाली). आणि पुढच्या दिवशी कालचे काहीही उकरून न काढता त्याला पुन्हा सगळ्यांबरोबर घे. मुले हे फार बारकाईने पाहत असतात.

कुमितेत नियंत्रण न ठेवता मारणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी, आणि तिथे सैल राहून चालत नाही. स्पर्धेच्या नियमांतही अनावर जोराच्या फटक्याला गुण मिळत नाहीत, दंड होतो. तेव्हा ताबा हा कौशल्याचाच भाग आहे, हे मुलांना पहिल्या दिवसापासून कळले पाहिजे. अशा मुलाला समोरच्याच्या ड्रेसला मूठ टेकण्याआधी बोटभर अंतरावर थांबवायला लाव. हे जोरात मारण्यापेक्षा अवघड असते, आणि अवघड काम दिले की आडदांड मूलही मान खाली घालून एकाग्र होते. एक प्रथा मात्र आपल्याकडच्या अनेक क्लासमध्ये मी पाहिली आहे आणि तिचा मला मनापासून राग आहे: अशा मुलासमोर मुद्दाम एखादा मोठा, वरच्या बेल्टचा मुलगा उभा करायचा आणि ‘त्याला जरा समज दे’ असे सुचवायचे. त्यातून धाकट्याला एवढेच समजते की जो बलवान तो मारू शकतो, आणि थोरल्याला समजते की मारायला सरांची परवानगी असते. तू हे कधीही करू नकोस. आणि कोणाच्याही डोक्याला फटका बसला, तर मूल ‘मला काही झाले नाही’ म्हणत असले तरी त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवू नकोस. पालकांना स्वतः फोन कर आणि डॉक्टरांना दाखवायला सांग.

आता पालक. त्या वडिलांचा राग ग्रेडिंगच्या दिवशी पेटला असला, तरी त्याचे मूळ प्रवेशाच्या दिवशी आहे. फी घेताना तू वेळ, ड्रेस आणि वार सांगितलेस, पण बेल्ट कशावर मिळतो हे सांगितले नाहीस, म्हणून त्यांनी परीक्षेची फी म्हणजे बेल्टची किंमत असे गृहीत धरले. अनेक ठिकाणी ती तशीच असते, हे आपल्या क्षेत्राचे दुर्दैव आहे. यापुढे प्रत्येक पालकाला पहिल्याच भेटीत एक छापील कागद दे: प्रत्येक बेल्टसाठी कोणता काता, किती हजेरी, काय यायला हवे, परीक्षेत नापास होता येते आणि तसे झाल्यास पुन्हा बसताना फी घेतली जाणार की नाही. परीक्षेच्या तीनेक आठवडे आधी, ज्या मुलांची तयारी कच्ची आहे त्यांच्या पालकांना बाजूला घेऊन स्पष्ट सांग. ‘हेइआन शोदान या सुरुवातीच्या कातामध्ये वळताना तिचा मागचा पाय उचलला जातो, पुढच्या परीक्षेला बसवू या’ असे आधी सांगितले, तर ते मार्गदर्शन ठरते. निकालानंतर तेच वाक्य सबब वाटते.

ग्रुपवर आलेल्या तक्रारीला ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. ‘आपला मेसेज वाचला, उद्या क्लासनंतर भेटू या’ एवढे लिही आणि थांब. भेटीत आधी त्यांना पूर्ण बोलू दे. मग मुलगी काय चांगले करते ते नेमके सांग, कुठे अडते ते दाखव, आणि शक्य असेल तर तिच्याकडून त्यांच्यासमोर करून घेण्याऐवजी ती हालचाल तू स्वतः करून दाखव, म्हणजे तिची पुन्हा परीक्षा होणार नाही. दुसऱ्या कोणत्याही मुलाशी तुलना त्यांनी केली तरी तू करू नकोस. एवढे करूनही त्यांनी बेल्ट मागितलाच, तर नम्रपणे नाही म्हण. एक मूल गेले तर फीचे नुकसान होते. न कमावलेला बेल्ट दिला, तर उरलेल्या सगळ्या मुलांच्या कमरेचा बेल्ट त्या दिवशी हलका होतो. तू वयाने लहान आणि त्यातून मुलगी, म्हणून ‘मोठे सर कधी येतात?’ असे विचारणारे पालक भेटतील हे मला ठाऊक आहे. मला बोलवून घेऊ नकोस. क्लास तुझा आहे आणि निर्णयही तुझाच, हे त्यांना तुझ्याच तोंडून ऐकू दे.

काही पालकांना क्रीडागुण आणि नोकरीची आशा असते. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे खरे. पण त्यासाठी कोणती स्पर्धा, कोणत्या स्तरावरची आणि कोणाचे प्रमाणपत्र चालते याचे नियम ठरलेले आहेत, आणि कुठल्याही खासगी स्पर्धेतल्या मेडलवर ते मिळत नाही. अशा पालकांना जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करायला सांग आणि स्वतः कसलेही आश्वासन देऊ नकोस. ऑलिंपिकविषयी विचारले तरी खरे तेच सांग: कराटे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये होते, २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हते. खोट्या आशेवर आलेला पालक पुढे सर्वांत कडवट होतो.

दारात उभे राहून ‘मार, मार!’ असे ओरडणारे पालक सगळीकडे असतात. त्यांना मुलांसमोर गप्प करू नकोस. महिन्यातून एखादा दिवस सर्व पालकांना आत बसायला बोलाव आणि त्या दिवशी मुलांना हेइआन नावाचे पाच काता करायला लाव. पाचही हेइआन बचावाच्या हालचालीने सुरू होतात, हे त्यांना करता करता दाखव. जपानमधल्या ओकिनावातले कराटेगुरू इतोसू आंको यांनी हे काता शाळकरी मुलांसाठी बसवले आणि त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन स्वतः शाळेत शिक्षक होते, हेही सांग, कारण आपण शिकवतो ते मुलांच्या शिक्षणासाठीच घडत आले आहे. बाकीच्या दिवशी वॉर्मअप झाला की दार लोटून घे, आतून कडी मात्र कधीच लावू नकोस.

‘मॅडम, घरी ऐकत नाही, तुम्हीच बदडा’ असे म्हणणाऱ्या पालकाला हसून उत्तर देऊ नकोस. शांतपणे सांग की इथे कोणी मुलाला मारत नाही, आणि मग घरी काय चालते ते हळूच विचार. हात वर केला की दचकून डोके झाकणारे मूल दिसले, अंगावर ब्लॉकने होणार नाहीत अशा जागी वळ दिसले, तर तारखेसह लिहून ठेव. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, तिथे विचारायला संकोच करू नकोस. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तसे घडेल अशी भीती वाटली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे पालकांची मर्जी किंवा सोसायटीचे नाव आड येऊ देऊ नकोस. तुझ्याकडूनही काळजी हवी: स्टान्स सुधारताना आधी विचारून मगच हात लाव, आणि कोणत्याही मुलाबरोबर हॉलमध्ये एकटी थांबू नकोस, त्याला न्यायला यायला कितीही उशीर झाला तरी.

एखाद्या मुलाला क्लासमधून काढण्याची वेळ क्वचित येईल. इतर मुले त्याच्यामुळे खरोखर असुरक्षित असतील आणि पालक तुझ्याबरोबर काम करायला तयार नसतील, तरच तो निर्णय घे. उरलेल्या महिन्यांची फी परत कर, काढण्याचे कारण पालकांना एकांतात सांग, आणि मुलाला मात्र इतकेच सांग की तो परत येऊ शकतो आणि परत येण्यासाठी काय करावे लागेल.

त्या मुलाची जागा या आठवड्यातच बदल आणि महिनाभराने काय दिसले ते कळव. छापील कागदाचा मसुदा झाला की आधी मला पाठव. ग्रेडिंगच्या अटींची भाषा आपण दोघे मिळून पाहू.

तुझे,
सर