टॅरिफ, जकात आणि आपली मांडवी

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एका ताईंनी विचारलंय, टॅरिफला मराठीत काय म्हणायचं, आयातशुल्क की जकात? आणि "व्यापारयुद्ध" हा शब्द बरोबर आहे का, म्हणजे अशानं खरंच युद्ध पेटतं का?

आधी एक सांगू दे. "अमेरिकेनं भारतावर ५० टक्के टॅरिफ लावलं" हे वाक्य ऑगस्ट २०२५ पासून ऐकून ऐकून डोकं उठलंय माझं. भारतावर नाही हो, भारतातून जाणाऱ्या मालावर! ते पैसे भरतो माल मागवणारा तिकडचा व्यापारी, आणि जातात ते अमेरिकेच्याच तिजोरीत. आपल्याला फटका बसतो तो ऑर्डरी तुटल्याचा, सुरतच्या हिरेवाल्यांना विचारा. पण आमच्या शेजारच्या काकांची ठाम समजूत होती की दिल्लीहून दर महिन्याला चेक जातो. एका "वर"नं एवढा घोटाळा होतो, म्हणून मी चिडतो.

आता शब्द. आयातशुल्क बरोबर आहे, त्यात वाद नाही. (शुल्क जुना शब्द, कौटिल्यानं तर दुर्मीळ बियाणं "उच्छुल्क" करावं म्हणून सांगितलंय, ड्यूटी-फ्रीला याहून सुंदर शब्द दाखवा मला.) पण जकातही तितकंच बरोबर आहे. इथं काही जाणकार मंडळी लगेच बोट दाखवतात की जकात म्हणजे फक्त म्युनिसिपालटीची, शहरात माल शिरताना घेत ती. साफ चूक. शिवाजी महाराजांचं १६७१ चं कुडाळच्या सुभेदाराला पत्र आहे, बारदेशातलं म्हणजे पोर्तुगिजांच्या मुलखातलं मीठ स्वस्त पडायला लागलं तर आपल्या मिठाचं नुकसान होईल, म्हणून त्यावर भारी जकात बसवा. परक्या मुलखातला माल, आपल्या मिठागरांचं रक्षण, संरक्षक जकात म्हणतात ती हीच की. यात म्युनिसिपालटी कुठून आली?

टॅरिफचं थोडक्यात सांगतो, मूळ अरबी, माहिती देणं, कळवणं या अर्थाचं, त्यावरून दरांची यादी, मग इटालियनमार्गे युरोपभर. आपले तारीफ, उर्फ, मारफत त्याच धातूचे. टॅरिफ हा शब्द स्पेनच्या तारिफा बंदरावरून आला अशी गोष्ट जे सांगतात त्यांनी अरबी लिपीत दोन्ही शब्द बघावेत, त मुळातच वेगळा आहे.

पण खरी गंमत या टॅरिफमध्ये नाहीच, ती आपल्या बडोद्यात रोज कानावर पडणाऱ्या शब्दात आहे. स्मगलिंगला गुजरातीत काय म्हणतात? दाणचोरी. मागं एका कार्यक्रमात एका व्याख्यात्यांनी सांगितलं की पूर्वी बंदरावर धान्य चोरायचे, म्हणून दाणे चोरणं ती दाणचोरी, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! मला तिथं बसवेना. दाण म्हणजे जकात, आणि दाण हे दानाचंच रूप. दोन स्वरांमधला न आपल्याकडे आणि गुजरातीत ण होतो, पानीयचं पाणी, तसं दानचं दाण. दाण चुकवतो तो दाणचोर, दाण्याचा संबंधच नाही. गुजराती कवितेत कृष्ण दह्यादुधाच्या मडक्यांवर दाण मागतो ती दाणलीला, आणि तमाशाच्या गौळणीतही तो मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडवतोच की, ते दुसरं काय आहे, जकातनाकंच ते.

आता बघा, दाण आलं दानावरून, आणि जकात? अरबीत ती संपत्तीतला ठराविक वाटा गरिबांना द्यायची, धर्माची गोष्ट. दोन वेगळ्या भाषा, दोन वेगळे धर्म, आणि दोन्हीकडे देण्याचा शब्द घेण्याचा झाला! इंग्रजीत कस्टम्स, म्हणजे मुळात रीत, रीतीप्रमाणे द्यायचं ते. माझं मत असं की वाट राखणाऱ्याला व्यापारी आधी खुशीनं काहीतरी हातावर ठेवायचा, दरवर्षी ठेवता ठेवता त्याची रीत झाली, रीतीचा हक्क झाला आणि मग हक्कासाठी नाका बांधला गेला. कोशकार एवढं सांगत नाहीत, ते दान लिहून पुढं जातात. पण तीन भाषांत एकच वळण आपोआप येत नाही, मला तरी पटत नाही.

आणि तो नाका म्हणजे मांडवी! पाणीगेटहून लहरीपुऱ्याकडे जाताना मधोमध कमानींची इमारत लागते ना, तीच. मंडपिका हा शब्द जुन्या शिलालेखांत शुल्क वसूल करायच्या जागेसाठी येतो, त्याचीच मांडवी. मुंबईतली मांडवी तीच, कच्छमधलीही तीच. सौराष्ट्रात शेंगदाण्याला मांडवी म्हणतात ते वेगळं, ते इथं आणू नका.

हां, युद्धाचं राहिलं. मराठीत दोन शब्द आहेत, नाका आणि नाकेबंदी, आणि उत्तर त्यातच आहे. नाक्यावर पैसे भरले की गाडी पुढे जाते, नाकेबंदीत पैसे भरूनही जात नाही. फ्रान्स आणि इटली १८८८ पासून जवळजवळ दहा वर्षं एकमेकांच्या मालावर जकाती चढवत बसले, जर्मनी-रशियाचं १८९३ ला तेच, १८९४ ला करार करून मिटलं, कुठं गोळी सुटली नाही. १९०६ चं ऑस्ट्रिया-सर्बियाचं डुकरांच्या व्यापारावरचं भांडण लोक पुढं करतात, त्यानं कडवटपणा वाढला हे खरं, पण १९१४ चं युद्ध डुकरांसाठी झालं नाही. जपानचं मात्र १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेनं तेलच तोडलं, पैसे भरून मिळायचीही सोय ठेवली नाही, आणि डिसेंबरात पर्ल हार्बर झालं. ती नाकेबंदी होती, जकात नव्हे. म्हणून ताई, नुसत्या दर वाढवण्याला व्यापारयुद्ध म्हणू नका, जकातींची चढाओढ म्हणा, युद्ध हा शब्द नाकेबंदीसाठी राखून ठेवा.

आणि कुणाच्या घरी जुन्या वह्या असतील, मांडवीच्या आसपासच्या दुकानांच्या, तर त्यात दाण भरल्याची नोंद दिसते का बघा आणि मला कळवा.