चौपदरी महामार्गाचा पैसा येतो कुठून आणि टोल कधी संपतो?

तुमचा प्रश्न असा: यवतमाळ जिल्ह्यातला तुमच्या गावाजवळचा दोनपदरी राष्ट्रीय महामार्ग चौपदरी होतोय, ‘सरकारकडे पैसा नाही, कंपनी बांधणार आणि टोलमधून वसूल करणार’ असं गावात बोललं जातंय, तर पैसे फिटल्यावर टोल बंद होणार का? थोडक्यात उत्तर: बहुधा नाही. आणि कंपनी टोलमधून पैसे वसूल करते हे तुमच्या भागात बऱ्याच रस्त्यांना लागूच होत नाही.

आधी दराचं समजून घ्या, कारण घोळ तिथेच होतो. राष्ट्रीय महामार्गावरचा टोल रस्त्याला किती खर्च आला त्यावर ठरत नाही. २००८ च्या शुल्क नियमांत चौपदरी रस्त्यासाठी २००७-०८ चा मूळ दर किलोमीटरमागे ठरवून दिला आहे: कारला ६५ पैसे, हलक्या मालवाहू गाडीला १ रुपया ५ पैसे, ट्रक-बसला २ रुपये २० पैसे, चार ते सहा आसांच्या ट्रकला ३ रुपये ४५ पैसे. त्यावर दर १ एप्रिलला ३ टक्के वाढ आणि घाऊक महागाईच्या वाढीतला ४० टक्के हिस्सा चढतो. काळ्या मातीत खोल खोदून मुरूम भरावा लागला आणि खर्च दीडपट झाला, तरी नाक्यावरचा दर तोच. वाढलेला खर्च मग कुणाच्या अंगावर पडतो, एवढाच प्रश्न उरतो.

आता हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. ६० किलोमीटर रस्ता, किलोमीटरला २० कोटी, म्हणजे १,२०० कोटी. जमीन वेगळी, ती सरकार देतं. एक नाका. रोज ४,००० कार (८० रुपये), १,००० छोटे टेम्पो (१३०), १,५०० ट्रक-बस (२७०) आणि १,००० मोठे ट्रक (४२५). बेरीज रोजची १२ लाख ८० हजार, वर्षाची साधारण ४६ कोटी ७० लाख. चोवीस तासांत परत आल्यास दोन्ही फेऱ्यांचे मिळून दीडपटच लागतात, मासिक पास असतात, माफी असते. हातात ४२ कोटी धरा. देखभाल, नाक्याचा खर्च आणि काही वर्षांनी नव्याने डांबर टाकण्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम मिळून १० कोटी गेले. राहिले ३२.

बीओटी पद्धतीत, म्हणजे कंपनीने बांधायचं, टोल घ्यायचा आणि मुदत संपल्यावर रस्ता परत करायचा, सरकार खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत अनुदान देऊ शकतं. ४८० कोटी दिले असं धरा. उरलेल्या ७२० कोटींत साधारण ७० टक्के बँकेचं कर्ज, म्हणजे ५०४ कोटी. साडेनऊ टक्क्यांनी नुसतं व्याजच ४८ कोटी. ३२ कोटींत ४८ कोटींचं व्याज फिटत नाही, मुद्दल तर लांबच. वाहनं आणि दर दोन्ही वाढून वसुली वर्षाला १० टक्क्यांनी चढली तरी पहिली चार-पाच वर्षं व्याजसुद्धा निघत नाही. कोणतीही शहाणी बँक इथे पैसे टाकणार नाही. अमरावतीजवळचा नांदगाव पेठचा नाका बीओटीचा आहे, कारण नागपूर-अमरावतीची वाहतूक दाट आहे. पण अमरावतीच्या पश्चिमेला अकोला, बाळापूर, खामगाव, मलकापूरकडचा रस्ता आधी बीओटीवर एकाच कंपनीला दिला होता. काम अडलं, करार मोडला आणि शेवटी तुकडे पाडून नव्याने द्यावं लागलं. मधल्या वर्षांत खड्ड्यांतून गाड्या नेल्या त्या लोकांनी.

म्हणून जानेवारी २०१६ मध्ये हायब्रिड अॅन्युइटी, बोलीभाषेत ‘हॅम’, ही पद्धत आली. बुटीबोरी-वर्धा, वर्धा-यवतमाळ, यवतमाळ-महागाव हे टप्पे याच पद्धतीचे. बोलीच्या रकमेतले ४० टक्के सरकार काम चालू असतानाच टप्प्याटप्प्याने देतं. ६० टक्के कंत्राटदार कर्ज आणि स्वतःचं भांडवल घालून उभे करतो आणि ते त्याला १५ वर्षांत, दर सहा महिन्यांनी एक असे ३० हप्ते, व्याजासकट मिळतात. टोल मात्र तो घेत नाही, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण (पुढे नुसतं ‘प्राधिकरण’) घेतं. गाड्या कमी आल्या तरी त्याचा हप्ता बुडत नाही, म्हणून बँक तयार होते. आपल्या उदाहरणात सुरुवातीच्या वर्षांत प्राधिकरणाला हप्ता आणि व्याज मिळून वर्षाला शंभर कोटींच्या घरात द्यावे लागतील आणि नाक्यावर जमतील ४२. फरक भरतो पेट्रोल-डिझेलवरच्या रस्ते उपकरातून, केंद्राच्या अर्थसंकल्पातून आणि जास्त चालणाऱ्या दुसऱ्या महामार्गांच्या टोलमधून. यवतमाळच्या रस्त्याचा काही भार तिकडचा ट्रकवाला उचलतो आणि पंपावर दुचाकीत तेल भरणारे तुम्हीही उचलता.

काही वर्षं प्राधिकरणाने हा फरक बाजारातून कर्ज काढून भरला. कर्ज साडेतीन लाख कोटींच्या आसपास गेल्यावर २०२२-२३ पासून नवं कर्ज जवळपास थांबवलं. त्याऐवजी तयार, चालते रस्ते भाड्याने देऊन पैसा उभा करतात: २०१८ मध्ये आंध्र आणि गुजरातमधले ६८१ किलोमीटर ३० वर्षांसाठी ९,६८१ कोटींना दिले. वीस-तीस वर्षांचा टोल आज एकरकमी घेतला, तर तो नाका त्या आधी बंद करता येत नाही, हे उघड आहे. मूळ नियमांत खर्च वसूल झाल्यावर दर ४० टक्क्यांवर आणायची तरतूद होती. २०२३ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण दराने वसुली चालू ठेवता येते. माझं स्पष्ट मत आहे की हे लोकांना नाक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून सांगायला हवं होतं.

हिशेब कुठे चुकतो? पहिला, वाहन मोजणीत. मोजणी सात दिवस, चोवीस तास चालते आणि प्रत्येक वाहन कारच्या पटीत मोजतात. ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार कार धरली जाते, बैलगाडी त्याहून जास्त. वेचणीच्या हंगामात, जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग असताना मोजणी केली की आकडा फुगतो आणि रुंदीकरण योग्य ठरतं. ते ठरावंही, कारण त्या गाड्या खरोखर रस्ता अडवतात. पण दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडीला टोल नाही. गर्दीचा आकडा एक आणि पैसे देणाऱ्या गाड्यांचा वेगळा. सल्लागाराने दोन्ही वेगळे दाखवले नाहीत तर अहवालावर विसंबू नये.

दुसरा, जमीन. हॅममध्ये ८० टक्के जमीन हातात आल्याशिवाय काम सुरू होण्याची तारीख धरत नाहीत. पण रस्ता सलग लागतो. तीन किलोमीटर डांबर झालेलं आणि मध्ये दोनशे मीटरवर एक घर, एक विहीर आणि कोर्टाची तारीख, अशी स्थिती असते. पाचशे कोटी उचललेले असताना एक वर्ष गेलं की ४७-४८ कोटी व्याज वाढलं. आपल्याकडे अडचण बरेचदा सातबाऱ्यावर असते: आजोबांचं नाव तसंच, वारस नोंद झालेली नाही, भावाभावांत वाद. मग मोबदला दिवाणी न्यायालयात जमा होतो आणि शेतकरी हात हलवत बसतो. अधिसूचना निघायच्या आधी फेरफार करून घ्या. जमीन घेण्याच्या हेतूची अधिसूचना आल्यावर हरकतीला २१ दिवसच मिळतात.

जंगलाचा खर्चही आधी धरावा लागतो. मनसर-खवासा पट्ट्यात पेंचच्या वाघांसाठी खालून जायला नऊ मार्ग काढले, सर्वांत लांब ७५० मीटरचा. तो खर्च योग्यच होता, पण मागाहून आला की सगळं आर्थिक गणित कोलमडतं.

बाहेरच्या देशांचं विचाराल तर मेक्सिकोने १९८९ नंतर जो सर्वांत कमी वर्षांत रस्ता परत करेल त्याला काम दिलं. कंपन्यांनी मुदत घटवली, टोल भरमसाठ लावला, ट्रक जुन्या फुकट रस्त्यावर राहिले, १९९४ च्या डिसेंबरात पेसो कोसळला, आणि १९९७ मध्ये सरकारला ५२ पैकी २३ रस्ते ताब्यात घ्यावे लागले. चिलीने १९९८ मध्ये सांतियागो-वालपरायसो रस्त्यासाठी उलटं केलं: बोली वर्षांची नाही, एकूण वसुलीची. ठरलेली रक्कम आजच्या मोलाने जमली की करार संपला, मग दहा वर्षं लागोत की पंचवीस. बीओटीसाठी मला हीच पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते.

तुमच्या रस्त्याचं नेमकं जाणायचं असेल तर प्राधिकरणाच्या प्रकल्प अंमलबजावणी कार्यालयात दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका. विचारा: पद्धत हॅम, बीओटी की ईपीसी (म्हणजे पूर्ण सरकारी पैसा), काम सुरू झाल्याची अधिकृत तारीख, भांडवली खर्च, कराराची (कन्सेशनची) मुदत. नाका सुरू झाला की एकूण वसुली प्राधिकरणाच्या टोल माहिती संकेतस्थळावर नाक्यानुसार दिसते. आणि नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहत असाल तर बिगर-व्यावसायिक गाडीचा स्थानिक मासिक पास मिळतो; मूळ दर १५० रुपये होता, आता साडेतीनशेच्या आसपास. आरसी बुक, फास्टॅग आणि पत्त्याचा पुरावा घेऊन जा. काळी-पिवळीला किंवा मालवाहू छोट्या हत्तीला हा पास लागू नाही, त्यांनी ५० फेऱ्यांचा नेहमीचा मासिक पास घ्यावा. तो ५० एकेरी फेऱ्यांच्या दोन तृतीयांश पैशांत पडतो.