बाहेर सगळं कोरडं ठणठणीत असताना वाळवीने वारुळात पोसलेली बुरशी जगते कशी?

बाहेरच्या कोरड्या हवेशी तिचा थेट संबंध येत नाही, म्हणून. उत्तर नामिबियातल्या मॅक्रोटर्मिस जातीच्या वाळवीचं उदाहरण घ्या. वारूळ माणसाहून उंच, पण बुरशीचा मळा असतो खाली, जाड मातीच्या भिंतीआड. तिथे तापमान साधारण ३० अंश आणि हवा कायम दमट. कामकरी वाळवी खोलवरची ओली माती तोंडाने आणते. शिवाय बुरशी आणि लाखो किडे यांच्या श्वसनातूनही पाणी सुटतंच.

वाळवी सुकं गवत-लाकूड गिळते, अर्धवट पचवून त्याच विष्ठेचे सच्छिद्र पोळे रचते. त्यावर टर्मिटोमायसिस बुरशी वाढते आणि साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे धरते. वाळवी ते दाणे खाते, त्यातले बीजाणू पुन्हा विष्ठेतून ताज्या थरावर पेरले जातात. लाकडाला टणकपणा देणारा लिग्निन हा घटक बुरशी फोडते, वाळवीला ते काम एकटीला झेपत नाही. ही भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांची, म्हणजे शेतीचा शोध आपण लावला वगैरे म्हणायला नको!

वारूळ ओस पडलं की झायलेरिया नावाची दुसरी बुरशी पोळ्यांवर लगेच माजते. वाळवी असेपर्यंत ती दबून असते.

आपल्याकडे पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी, गोव्यात चढ्या भावाने विकली जाणारी अळंबी याच टर्मिटोमायसिसची.